माळावर खड्डे मारायच्या आधी एकदा खाली वाकून बघा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

परवा आपल्या पेपरात बातमी वाचली की आमच्या भागातल्या एका गावाच्या गायरानावर हजारो झाडं लावणार आहेत, कुठल्याशा कंपनीचा सीएसआर म्हणजे समाजकामाचा फंड आलाय, जेसीबीनं खड्डे मारायचं काम पण चालू झालंय, आणि आता हा ओसाड माळ हिरवागार होणार. वाचून कुणालाही बरंच वाटेल. घरात मी जरा कुरकुर केली तर सगळे म्हणाले, झाडंच लावतायत ना, त्यात तू कशाला आडवं पडतीस. पण मी बॉटनी घेऊन बीएस्सी केलंय, लग्न होऊन विट्याच्या बाजूला आले, घरची द्राक्षबाग आहे, थोडी शेरडं आहेत, आणि तो माळ रोज डोळ्यासमोर असतो म्हणून लिहितेय. पत्र लांबणार आहे हे आधीच सांगते.

माझं म्हणणं एवढंच, की माळ ओसाड नसतो. तिथं जे उगवतंय ते तिथल्या पावसाला, तिथल्या मुरमाला, तिथल्या उन्हाला जमवून घेऊन उगवतंय, आणि ते उपटून तिथं दुसऱ्या मुलखातलं झाड लावणं याला हिरवं करणं म्हणायचं का, हा विचार खड्डे मारायच्या आधी कुणीतरी करावा.

आता ज्यांना हे पटत नाही त्यांनी एकदा साताऱ्याच्या कास पठारावर जाऊन यावं. गेला असालच म्हणा, आख्खा महाराष्ट्र जातो, सप्टेंबरमधे गाडी लावायला जागा मिळत नाही. पण तिथं गेल्यावर किती लोकांच्या लक्षात येतं की या पठारावर झाडं जवळजवळ नाहीतच? समुद्रसपाटीपासून साधारण १२०० मीटर उंच, खाली सगळा जांभा दगड, त्याच्यावर माती कुठं बोटभर कुठं तेवढीही नाही, पावसाळ्याचे चार महिने पाणी साचून दलदल आणि बाकीचे आठ महिने तापलेला तवा. असल्या जागेत मोठं झाड मूळ घालणार कुठं? आणि मोठं झाड नाही म्हणूनच तिथं बारक्या झाडांना ऊन मिळतं, जागा मिळते, आणि ८५० पेक्षा जास्त जातींची फुलझाडं त्या एवढ्याशा पठारावर नांदतात. २०१२ साली युनेस्कोनं पश्चिम घाटाच्या ३९ ठिकाणांना जागतिक वारसा म्हणून घेतलं त्यात महाराष्ट्राच्या चार ठिकाणांत कोयना, चांदोली, राधानगरी या जंगलांच्या बरोबरीनं हे बिनझाडांचं कास पण आहे. समजा तीस-चाळीस वर्षांपूर्वी कुणी उत्साही माणसानं ठरवलं असतं की हे बोडकं पठार हिरवं करू, आणि पहार लावून जांभा फोडून निलगिरी नाहीतर ऑस्ट्रेलियन बाभूळ ठोकली असती, तर काय झालं असतं?

त्या पठारावरची एक एक वनस्पती काय डोकं चालवते ते ऐकण्यासारखं आहे. मातीत नायट्रोजन नाही, पावसानं सगळा धुवून जातो, मग ड्रोसेरा नावाच्या किडेखाऊ वनस्पतीनं पानांवर चिकट थेंब आणले, माशी बसली की अडकली, पान हळूहळू मिटतं आणि माशीतला नायट्रोजन शोषून घेतं. सीतेची आसवं म्हणून जी निळी-जांभळी फुलं सगळे फोटोत काढतात, ती बघायला नाजूक, पण खाली ओल्या मातीत तिच्या बारक्या बारक्या पिशव्या असतात, त्यातलं पाणी ती बाहेर काढून टाकते, आत पोकळी तयार होते, आणि एखादा सूक्ष्म किडा पिशवीच्या केसाला घासला की झाकण उघडून किडा पाण्यासकट आत ओढला जातो, ह्याला सेकंदाचा हजारावा भाग पण लागत नाही. प्राण्यांच्या पण तोंडात मारील असला वेग आहे हा, आणि आपण म्हणतो झाडं हलत नाहीत. कंदीलपुष्पाचं तर अजून वेगळं, त्या फुलाच्या नळीत खाली वळलेले केस असतात, माशी आत जाते पण बाहेर येता येत नाही, मग परागीभवनाचं काम झालं की केस सुकतात आणि माशी सुटते. म्हणजे खायला नाही धरलेली, कामाला धरलेली. आणि उन्हाळ्यात हे सगळे जातात कुठं? काहीजण बी टाकून मरून जातात, चार महिन्यात आख्खं आयुष्य उरकायचं आणि बी ठेवून जायचं. काहीजण जमिनीत कंद करून झोपतात. आणि काही गवतं, ट्रायपोगॉन नावाचं एक आहे, ती तर वाळून कोळ होतात, अंगातलं जवळजवळ सगळं पाणी गेलेलं असतं, बघणाऱ्याला वाटतं मेलं, आणि पहिला पाऊस पडला की तेच जुनं पान परत हिरवं होतं. परत फुटत नाही बरं का, तेच पान जिवंत होतं. पेशींमधे अशा साखरा साठवलेल्या असतात की पाणी गेलं तरी आतली रचना मोडत नाही. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं पश्चिम घाटात असल्या ६२ जाती नोंदवल्यात. दुष्काळात तग धरणारी पिकं करायची म्हणून जगभर शास्त्रज्ञ ज्या गुणाच्या मागं लागलेत तो गुण आमच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, पायाखाली पडलाय.

कासबद्दल अजून एक. तिथं मधे जाळीचं कुंपण घातलं, गुरं बंद केली, हेतू चांगलाच होता, पर्यटक तुडवतात म्हणून. पण मग तिथल्या गावकऱ्यांनीच सांगायला सुरुवात केली की चराई थांबल्यावर उंच गवत माजतंय आणि बारकी फुलं दबतायत, आणि कुंपण काढायची मागणी पण झाली. म्हैस-गाय शतकानुशतकं त्या पठारावर चरत होती, म्हणजे त्या फुलांच्या हिशोबात तिचं तोंड पण धरलेलं होतं. हे मुद्दाम लिहिलं कारण पुढं आमच्या माळाचं सांगताना हे लागणार आहे.

तर कासवरून खाली उतरून पूर्वेला या. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलीमीटर पाऊस, आणि त्याच सातारा जिल्ह्यात म्हसवड-दहिवडीला पाचशेच्या आसपास, कधी तेवढाही नाही. दहापटीचा फरक, आणि अंतर शंभर-सव्वाशे किलोमीटर. ढग डोंगराला आडवून वर चढतात, थंड होतात, सगळं पाणी घाटमाथ्यावरच ओततात, आणि पलीकडं उतरणारी हवा गरम आणि कोरडी होत जाते, आमच्या खानापूर, आटपाडी, जत, कवठेमहांकाळला आणि वरच्या माण-खटावला मग नुसतं वारं. पर्जन्यछाया म्हणून शाळेत सगळ्यांनी हे पाठ केलंय. पण हे काही काल-परवाचं नाही, डोंगर आहे तेव्हापासूनचं आहे, आणि एवढ्या काळात इथल्या झाडाझुडपानी त्या ४००-५०० मिलीमीटरवर आपला संसार बसवलाय, हे कुणी शिकवत नाही. लोकांना वाटतं पूर्वी इथं घनदाट जंगल होतं, माणसानं तोडलं म्हणून माळ झाला. काही ठिकाणी तसं झालं असेलही, पण सगळीकडं नाही. अलीकडंच संशोधकांनी जुनं मराठी वाङ्मय, ओव्या, चरित्रं चाळून त्यात कुठल्या गावाजवळ कुठल्या झाडाचं नाव येतं ते काढलंय, आणि ७५० वर्षांपूर्वी पण आपल्याकडचा हा मुलूख बराचसा माळाचाच होता असं दिसतं, बाभळी, बोरी, गवत, काटेरी झुडपं. जंगल तोडून झालेला माळ असता तर एवढ्या जुन्या काळात तो कुठनं आला असता.

आता गवताकडं बघा. आपण गवताला काही किंमतच देत नाही, पण पाण्याच्या हिशोबात गवतासारखं हुशार कुणी नाही. पानाला हवेतला कार्बन डायऑक्साइड आत घ्यायचा तर बारीक छिद्रं उघडायला लागतात, आणि ती उघडली की पाणी बाहेर जातं, हा प्रत्येक झाडाचा रोजचा पेच. बहुतेक झाडांमधे कार्बन पकडणारं जे एन्झाइम आहे रुबिस्को, ते गरमीत गोंधळतं, कार्बन डायऑक्साइडच्या ऐवजी ऑक्सिजन पकडतं, मेहनत वाया आणि छिद्रं उघडी ठेवून पाणी पण वाया. आपल्या माळावरची गवतं, आणि ज्वारी, बाजरी, मका, ऊस सुद्धा, यांनी आधी एका वेगळ्या एन्झाइमनं कार्बन गोळा करून पानाच्या आतल्या पेशीत कोंबायचा असा मार्ग काढला, म्हणजे रुबिस्कोच्या भोवती कार्बनच कार्बन, चुकायला वावच नाही. त्यामुळं छिद्रं कमी उघडून काम भागतं, आणि साधारण निम्म्या पाण्यात तेवढाच पाला तयार होतो. ह्याला सी-फोर म्हणतात. जगातल्या वनस्पतींच्या जातींपैकी ३ टक्केच असल्या आहेत पण जमिनीवर जेवढा कार्बन झाडं पकडतात त्यातला पाव हिस्सा जवळजवळ ह्या ३ टक्क्यांचा. मालदांडी ज्वारी सप्टेंबर-ऑक्टोबरमधे पेरली की पुढं पाऊस नाही, विहीर नाही, काळ्या रानातल्या ओलीवर आणि थंडीवर कणीस भरतं, ते काय उगीच नाही. (ऊस पण ह्याच घराण्यातला, पण त्याला बारा-पंधरा महिने पाटानं पाणी पाजून नदीकाठची रानं क्षारपड करून ठेवली आपण, तो दोष उसाचा नाही, त्यावर परत कधीतरी लिहीन.)

दुसरं, गवताचा वाढीचा कोंब जमिनीलगत असतो. झाडाच्या रोपाचा शेंडा शेरडानं खाल्ला की ते रोप बसलं, गवताचं पान खाल्लं तर खालनं परत येतं. वणवा लागला तरी वरचं जळतं, खालचं मुळांचं जाळं तसंच. गवताचा बराचसा जीव, आणि त्यानं पकडलेला बराचसा कार्बन, मातीच्या खाली असतो, म्हणून वरनं बघणाऱ्याला मे महिन्यात तिथं काहीच दिसत नाही आणि तो फाईलवर पडीक लिहून मोकळा होतो.

आणि कुसळ! माळावरनं चालून आल्यावर पायजम्याला, साडीच्या काठाला, मोज्याला जे टोचतं ते. त्याच्या बीला लांब पिळलेली शेपटी असते, त्या शेपटीत दोन थर, एक ओल्यानं जास्त फुगतो एक कमी, म्हणून रात्री दव पडलं की पीळ सुटतो आणि दिवसा ऊन लागलं की परत बसतो, आणि असं फिरत फिरत बी गिरमिटासारखं मातीत शिरतं. टोकाला उलटे केस, त्यामुळं आत गेलेलं मागं येत नाही. ना मोटर ना बॅटरी, नुसत्या दवावर आणि उन्हावर चालणारं यंत्र. मुरमाड जमिनीत वर पडलेलं बी मुंग्या नेतात, ऊन मारतं, वणव्यात जळतं, म्हणून त्यानं स्वतःला पेरून घ्यायची सोय केलीय. आमच्या शाळेतल्या पोरांना हे दाखवायला प्रयोगशाळा लागत नाही, एक कुसळ ओल्या कापडावर ठेवा आणि बघत बसा, ते समोर फिरायला लागतं.

झाडं पण आहेत माळावर, नाही असं नाही, पण ती विरळ असतात आणि ते विरळ असणं हेच त्यांचं शहाणपण, कारण प्रत्येकाला पाण्यासाठी लांबवर मुळं पसरायला लागतात. बाभळीची, हिवराची पानं बघा किती बारीक, ऊन झेलायला पृष्ठभाग कमी. बोरीच्या पानाची खालची बाजू पांढरी लवदार, ती लव ओलावा धरते. नेपतीनं तर पानच टाकून दिलंय, हिरव्या फांदीनंच अन्न तयार करते. पळसाचं रोप सुरुवातीची वर्षं वर वाळत राहतं आणि खाली मूळ जाड करत राहतं, मग जोर आला की उठतं. तरवड गुरं खात नाहीत, म्हणून चरणीच्या माळावर पण पिवळाधमक उभा असतो, आणि नवरात्रात घटाला माळ घालायला आमच्याकडं तरवडाचीच फुलं लागतात. बाभळीच्या शेंगा शेरडं खातात, बी रवंथ करताना टाकतात नाहीतर लेंडीतनं पडतं, आणि तोपर्यंत त्याचं कडक टरफल पोटात नरम झालेलं असतं म्हणून ते लवकर रुजतं. म्हणजे ज्या शेरडाला आपण झाडांचा शत्रू म्हणतो तेच इथल्या बाभळीची रोपवाटिका चालवतंय. कासच्या म्हशीचं मी वर म्हटलं ते यासाठी.

मला सगळ्यात नवल याचं वाटतं की हे शास्त्र आमच्या शेतकऱ्याला कळत नाही असं नाहीच. आटपाडीच्या डाळिंबवाल्याला विचारा, तो सांगेल बहार धरायचा तर आधी ताण द्यायला लागतो, पाणी तोडायचं, पानगळ करायची, झाडाला वाटलं पाहिजे की आता काही खरं नाही, मग पाणी सोडलं की फुलानं लगडतं. झाडानं कोरड्या मुलखात शिकलेली सवय आपण बाजारभाव बघून वापरतो, मृग, हस्त का आंबे बहार ते ठरवतो. तासगावच्या द्राक्षवाल्याला विचारा. वर थॉमसन जातीचं द्राक्ष नाहीतर त्याच्यातनंच निवडलेला तास-ए-गणेश, आणि खाली मूळ डॉगरिजचं, म्हणजे अमेरिकेतल्या जंगली द्राक्षाचं, का तर त्याला खारं पाणी आणि ताण सोसतो. थॉमसनला इथलं सोसत नाही म्हणून सोसणाऱ्याच्या मुळावर त्याला उभा केला. एप्रिल छाटणीनंतर काडीवरच्या डोळ्यात आत घड होणार का बाळी, म्हणजे नुसता तणावा, होणार ते ठरतं, पुढच्या सीझनचा माल त्या दीड-दोन महिन्यात ठरलेला असतो, आणि त्याला कडक ऊन लागतं. २०२५ च्या मे महिन्यात पावसानं उघडीपच दिली नाही तेव्हा आमच्या घरात जेवण गोड लागत नव्हतं, कारण ऑक्टोबर छाटणीला काय फुटणार ते तेव्हाच दिसत होतं, घड निघावा म्हणून कितीही सिक्स बीए, लिहोसिन असली औषधं मारा, ऊन कुठनं आणणार. आणि आता जतकडं ड्रॅगन फ्रूट आलंय, ते निवडुंगाच्याच जातीचं, दिवसा छिद्रं बंद ठेवून रात्री उघडतं, कार्बन रात्री साठवतं आणि दिवसा उन्हात वापरतं, म्हणून कमी पाण्यात येतं.

म्हणजे आपल्या सात-बाऱ्यावरच्या रानात कुठल्या मातीत कुठलं मूळ चालतं याचा आपण एवढा कीस पाडतो, दुकानदाराला, सल्लागाराला, युट्यूबवाल्याला शंभर प्रश्न विचारतो. आणि गायरान आलं की सगळं शास्त्र गुंडाळून नर्सरीत जे शिल्लक असेल ते रोप आणून खड्ड्यात उभं करतो आणि सेल्फी काढतो. राज्यानं २०१९ ला ३३ कोटी झाडांचं टार्गेट घेतलं होतं आठवत असेल. आकडा एवढा मोठा असला की मग रोप कुठलं हा प्रश्न मागं पडतो, लवकर येणारं, जनावर न खाणारं, फोटोत हिरवं दिसणारं ते चालतं. म्हणून डोंगरा-डोंगरावर गिरिपुष्प झालंय. मध्य अमेरिकेतलं झाड, फेब्रुवारी-मार्चमधे गुलाबी फुललं की छान दिसतं मान्य आहे, बांधावर हिरवळीच्या खताला लावलं तर उपयोगाचं पण आहे, पण माळावर त्याची गर्दी केली की खालचं गवत सावलीनं जातं, आणि त्याला ना आमची शेरडं मनापासून तोंड लावतात ना त्याच्यावर इथली पाखरं-किडे फारसे दिसतात. वेडी बाभूळ पण अशीच कुणीतरी चांगल्या हेतूनं आणली होती, कोरड्या भागाला हिरवं करायला, १९व्या शतकात. ती पण कोरड्या मुलखातलीच, दुष्काळ सोसणारीच, पण तिला खाणारे, आवरणारे तिकडंच राहिले आणि इथं तिला रान मोकळं मिळालं, आता जेसीबी लावला तरी ओढ्यातनं निघत नाही. तेव्हा नुसतं कमी पाण्यात येतं एवढं बघून पण भागत नाही.

कुणी म्हणेल सागरेश्वरचं काय. बरोबर आहे, सागरेश्वर मला पण आवडतं, उजाड झालेल्या डोंगरावर वृक्षमित्र धों. म. मोहितेंनी आणि त्यांच्याबरोबरच्या लोकांनी वर्षानुवर्षं मेहनत करून जंगल उभं केलं, १९८५ ला ते अभयारण्य झालं, आज तिथं हरणं आहेत. पण तिथं माणसं त्या डोंगराला धरून बसली, राखण केली. जून-जुलैत खड्डे, फोटो, आणि डिसेंबरला रोपाच्या जागी नुसती काळी पिशवी, हे सागरेश्वर नव्हे. आणि खरंच उजाड झालेला डोंगर आणि जिवंत गवताचा माळ यातला फरक बघायला डोळे लागतात, ते खर्चाच्या अंदाजपत्रकात येत नाहीत.

यात समाजाचा काय संबंध असं कुणी विचारलं तर सांगते. माडग्याळ मेंढी जतची, खिल्लार बैल आटपाडी-माणचा, खरसुंडीच्या यात्रेत जनावरांचा बाजार बघायला लोक लांबनं येतात. ही जनावरं कुठल्या पेंडीवर तयार झाली? पवन्या, मारवेल, डोंगरी गवत, हिवराच्या शेंगा. ह्याच माळावर. मेंढपाळ पावसाळ्यात इथं, पुढं कोकणाकडं, ते फिरणं पण गवताच्या वेळापत्रकावर बसवलेलं, कारण कुसळ पिकायच्या आत मेंढरं हलवायला लागतात, नाहीतर लोकरीत आणि कातड्यात शिरतं. २०१२-१३ ला, परत २०१८-१९ ला चारा छावण्या उघडायला लागल्या, माण-आटपाडीची जनावरं महिनोन्‌महिने छावणीत उसाच्या वाढ्यावर बसली. एकीकडं सरकारी पैशानं चारा विकत आणायचा आणि दुसरीकडं सरकारीच पैशानं चाऱ्याचं रान खणायचं, ह्याचा हिशोब मला बीएस्सी होऊन पण लागत नाही. वरनं आता टेंभू-म्हैसाळ उपसा योजनांचं पाणी आलंय, चांगलं झालं, आमची बाग पण त्याच्यावरच आहे, पण त्यामुळं खाजगी माळ बराचसा मोडून बागा झाल्या, म्हणजे शिल्लक गायरानाची किंमत उलट वाढली. जो मेंढपाळ आहे त्याला ग्रामसभेत खुर्ची नसते, आणि खड्डे मारल्यावर तारेचं कुंपण पहिल्यांदा त्याच्यासमोरच येतं.

आणि पाण्याचं बघा. गवताची मुळं मुरमाला धरून ठेवतात, पाऊस पडला की पाणी थांबतं, मुरतं. जेसीबीनं आख्खा माळ उकरला की पहिल्याच वळवाच्या पावसात वरची दोन बोटं माती ओढ्याला. ती दोन बोटं तयार व्हायला किती पिढ्या गेल्या असतील. आमच्या वस्तीच्या मागं असंच झालंय, कुणी केलं त्याचं नाव घेत नाही, पण खड्डे अजून आहेत, रोपं नाहीत, आणि जिथं कुसळ होतं तिथं गाजरगवत आलंय.

मग झाडं लावायचीच नाहीत का? लावा की. शाळेच्या आवारात लावा, रस्त्याकडंला लावा, वस्तीवर सावली पाहिजे तिथं लावा, ओढ्याच्या काठाला करंज, जांभूळ, उंबर लावा, विहिरीच्या कडंला लावा. गावठाणात लिंब, चिंच, वड. आणि माळावर झाड पाहिजेच असेल तर तिथलंच बी तिथंच, हिवर, बाभूळ, बोर, खैर, पळस, आणि विरळ, गवताला ऊन राहील इतकं विरळ. बाकी माळाला दोन वर्षं आलटून पालटून चराईबंदी दिली, म्हणजे अर्धा चरायला अर्धा बी धरायला, तर गवत स्वतःच सावरतं, त्याला रोप लागत नाही, खड्डा लागत नाही, टँकर लागत नाही. कदाचित म्हणूनच ही योजना कुणाला आवडत नसावी, बिल कशाचं काढणार.

शेवटचं आणि कामाचं. जैवविविधता कायदा २००२ सालचा आहे, त्याप्रमाणं प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि लोक जैवविविधता नोंदवही करायची असते, गावात कुठली झाडं, गवतं, पाखरं, औषधी आहेत त्याची. आपल्या गावची ती वही बघितलेला माणूस दाखवा मला. तेव्हा सांगली-सातारा दोन्ही जिल्ह्यातल्या वाचकांना विनंती, येत्या १५ ऑगस्टच्या ग्रामसभेला जा आणि ती वही मागा. कपाटात असेल तर बाहेर काढायला लावा, गायरानाचं पान उघडा, आणि वृक्षलागवडीचा ठराव असेल तर आधी ते पान वाचून मगच हात वर करा. त्यात गवतांची नावं नसतील, आणि बहुतेक नसणारच, तर मेंढरं राखणाऱ्या एखाद्या म्हाताऱ्याला आणि जवळच्या कॉलेजच्या बॉटनीच्या पोरांना एकत्र माळावर पाठवा, सप्टेंबरमधे, गवत फुलावर असताना, म्हणजे ओळखायला सोपं जातं. नावं म्हाताऱ्याला माहिती असतात, शास्त्रीय नावं पोरं शोधतील. आणि कंपन्यांना सीएसआरचा पैसा खर्चायचाच असेल तर या कामाला द्या, फोटो यातही चांगले येतात.

आपली,
एक वाचक,
विटा परिसर, ता. खानापूर, जि. सांगली

ता. क. – पत्र मोठं झालंय, जागेअभावी काटछाट करणार हे माहितीये. करायचीच झाली तर द्राक्षाचं काढा, ते इकडं सगळ्यांना तोंडपाठ आहे. कुसळाचं तेवढं राहू द्या.